विषाणू निजला नव्हता

एचआयव्ही आणि एड्स हे दोन शब्द आता आपल्या खेड्यापाड्यांत कोणाला नवे राहिलेले नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ते रंगवलेले असतात, एसटीच्या स्टँडावर असतात, शाळेच्या पुस्तकातही असतात. एका ताटात जेवल्याने, हातात हात दिल्याने किंवा एका विहिरीचे पाणी प्याल्याने हा रोग लागत नाही, हे आता मुलेदेखील घडाघडा सांगतात. (मुले सांगतात खरी, मोठी माणसे वागताना ते विसरतात, ही गोष्ट निराळी.) परंतु एक प्रश्न मात्र अजूनही विचारला जातो, आणि तो मोठा रास्त प्रश्न आहे. माणसाच्या अंगात विषाणू शिरला, तपासणीत तो निघाला, आणि औषध न घेताही तो माणूस आठ-आठ, दहा-दहा वर्षे धडधाकट कसा दिसतो? तो नांगर धरतो, बाजार करतो, पोराबाळांची लग्ने करतो. मग इतकी वर्षे तो विषाणू आत बसून करतो तरी काय? आणि आपले शरीर काय करते?

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही पुष्कळ दिवस नीट देता आले नव्हते. त्यांनी जे दिले ते असे, की विषाणू तेवढा काळ निजलेला असतो. हे उत्तर ऐकावयास सोपे आणि पटण्याजोगे होते, आणि ते चूक निघाले. ते चूक कसे ठरले आणि त्यामुळे रुग्णाने औषध कधी घ्यावे हा हिशेबच कसा उलटला, त्याची हकीगत आज सांगावयाची आहे. त्यासाठी आधी आपल्या अंगातल्या फौजेची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

ही ओळख माणसाला होऊन फार दिवस झालेले नाहीत. सन १८८२ मध्ये इटलीच्या दक्षिणेस सिसिली बेटावर मेसिना या गावी इल्या मेचनिकॉफ नावाचा एक रशियन प्राणिशास्त्रज्ञ समुद्रकाठी बिऱ्हाड करून राहिला होता. एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहावयास गेली आणि हा एकटाच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. काचेखाली तारामाशाची अळी होती. ही अळी पाण्यासारखी पारदर्शक. तिच्या अंगात इकडून तिकडे फिरणाऱ्या पेशी स्पष्ट दिसत. त्याच्या मनात आले, या पेशी नुसत्याच फिरतात की राखण करतात? उठला, बागेतून एक काटा आणला आणि अळीच्या अंगात टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती त्या पेशींचा गराडा पडलेला! बाभळीचा काटा पायात मोडला की त्याभोवती पू धरतो, हे आपल्या शेतकऱ्याला मेचनिकॉफच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. पण तो पू म्हणजे लढता लढता मेलेल्या पांढऱ्या पेशी होत, आणि त्या पेशी शत्रूला चक्क गिळतात, हे या माणसाने दाखवून दिले. त्याबद्दल त्याला १९०८ सालचे नोबेल पारितोषिक पाउल एर्लिख यांच्यासमवेत मिळाले. या मेचनिकॉफचा ओडेसा येथील एक शिष्य पुढे प्लेगच्या दिवसांत आपल्या मुंबईस आला आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस त्याने प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. परळच्या संस्थेला ज्याचे नाव आहे तो वॉल्डेमार हाफकिन तो हाच.

पेशी गिळतात हे कळले, पण सगळ्याच पांढऱ्या पेशी गिळणाऱ्या नसतात. त्यांतल्या काही लहान, गोल, निरुद्योगी दिसणाऱ्या पेशींचे काम काय, हे पुढची सत्तर-पंच्याहत्तर वर्षे कोणालाच सांगता येईना. तसेच छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक मऊ ग्रंथी असते, तीही निरुपयोगी समजली जाई. सन १९६१ मध्ये लंडन येथे जॅक मिलर या तरुण संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ती ग्रंथी काढून टाकली. ते उंदीर किरकोळ जंतूंनीही मरू लागले. तेव्हा उमगले, की त्या लहान गोल पेशींपैकी पुष्कळ पेशी या ग्रंथीच्या तालमीत तयार होऊन बाहेर पडतात. थायमसमधील म्हणून त्यांना टी-पेशी म्हणतात.

या टी-पेशी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एक प्रकार मारेकरी पेशींचा. विषाणू शिरलेली आपलीच पेशी हेरून तिला ठार करणे हे त्यांचे काम. दुसरा प्रकार साहाय्यक पेशींचा. या स्वतः कोणाला मारीत नाहीत. मग करतात काय? समजा, रात्री वाडीवर बिबट्या आला. एक माणूस ओट्यावर उभा राहून हाळी देतो. ती हाळी ऐकून कोणी काठी घेऊन निघतो, कोणी पलिता पेटवतो, कोणी कुत्री सोडतो. हाळी देणाऱ्याच्या हातात काठीसुद्धा नसेल. पण तो नसता तर प्रत्येक जण आपापल्या घरात घोरत पडला असता. साहाय्यक पेशी ही शरीरातली हाळी देणारी पेशी आहे. तिच्या हाळीवर मारेकरी पेशी वाढतात, गिळणाऱ्या पेशींना जोर चढतो, आणि रक्तात प्रतिपिंडे सोडणाऱ्या ज्या आणखी निराळ्या पेशी आहेत त्याही नेटाने कामाला लागतात. निरोगी प्रौढ माणसाच्या एका घन मिलीमीटर रक्तात, म्हणजे बारीकशा मोहरीएवढ्या थेंबात, अशा साहाय्यक पेशी साधारण ५०० ते १,५०० असतात.

या दोन पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसावयास सारख्याच. त्या वेगळ्या ओळखून मोजण्याची विद्या सन १९७५ मध्ये केंब्रिज येथे कोलर आणि मिलस्टाइन यांनी काढलेल्या युक्तीवर उभी राहिली आणि त्या दशकाच्या अखेरीस प्रयोगशाळांच्या हाती आली. साहाय्यक पेशीच्या अंगावर एक विशिष्ट खूण असते. तिला आज सीडी-४ म्हणतात. ही खूण पाहावयाची आणि पेशी मोजावयाच्या. शिक्षकमंडळींनी ही तारीख ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण विद्या हाती येते न येते तोच तिची गरज लागली. एड्स दहा वर्षे आधी उघडकीस आला असता तर ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ एवढेच डॉक्टरांना म्हणता आले असते.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी आरोग्यखात्याच्या साप्ताहिकात एक छोटेसे टिपण छापून आले. लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांना एक विचित्र न्यूमोनिया झाला होता. ज्या जंतूने तो होतो तो धडधाकट माणसाच्या वाटेस जात नाही. पाचांपैकी दोघे टिपण छापून येण्यापूर्वीच दगावले होते. टिपण लिहिणाऱ्यांत मायकल गॉटलीब या तरुण डॉक्टरांचा पुढाकार होता. त्यांनी नवी मोजणी करून पाहिली, तर साहाय्यक पेशी जवळजवळ नाहीशाच झालेल्या. वाडी जागच्या जागी होती, काठ्याही होत्या, पण हाळी देणारा बेपत्ता होता.

तो कोणी नाहीसा केला, याचा पत्ता पॅरिसच्या पाश्चर संस्थेत लागला. योगायोग असा, की मेचनिकॉफने आपल्या आयुष्याची शेवटची अठ्ठावीस वर्षे याच संस्थेत काढली होती. आपल्याकडे पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते. ते अवधाण म्हणजे फौजेच्या ठाण्यावर झालेली गर्दीच होय. अशीच एक सुजलेली गाठ एका रुग्णाच्या मानेतून जानेवारी १९८३ मध्ये काढण्यात आली. फ्रान्स्वाज बारे-सिनूसी या विदुषी, ल्यूक माँतान्ये आणि त्यांचे सहकारी यांनी तीतल्या पेशी काचपात्रात वाढत ठेवल्या. काही आठवड्यांतच आत विषाणू असल्याची खूण दिसली. पण लगोलग पेशी मरू लागल्या. पेशी मेल्या तर विषाणूही हातचा जाणार! म्हणून रक्तदात्याच्या ताज्या पेशी आणून त्यांत मिसळल्या. पुन्हा विषाणू वाढला, पुन्हा पेशी मेल्या. आधी अडचण वाटत होती ती हीच रोगाची करणी होती. २० मे १९८३ रोजी हे संशोधन प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांनी याच विषाणूने एड्स होतो याला बळकट पुरावा जोडला. बारे-सिनूसी आणि माँतान्ये यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

विषाणू साहाय्यक पेशीतच का शिरतो, हे १९८४ च्या अखेरीस लंडन व पॅरिस येथील संशोधकांनी दाखवले. ज्या खुणेवरून आपण ती पेशी ओळखत होतो, ती सीडी-४ हीच विषाणूच्या किल्लीचे कुलूप निघाली! (दाराला आणखी एक कडी आहे, तिचा शोध १९९६ मध्ये लागला. तिच्याकडे मागाहून येऊ.) आत शिरल्यावर तो जे करतो ते तर फारच कावेबाज आहे. प्रत्येक पेशीच्या गाभ्यात आपली एक पोथी असते. काय करावे, कसे करावे, सारे तीत लिहिलेले. विषाणूची स्वतःची पोथी अगदीच लहान, सुमारे दहा हजार अक्षरांची. ती तो पेशीच्या लिपीत उतरवून घेतो आणि पेशीच्या पोथीत मधेच शिवून टाकतो. पुढे ती पेशी शत्रूची चाहूल लागून जागी झाली, हाळी देण्यासाठी पोथी उघडून वाचू लागली, की शिवलेली पानेही वाचली जातात आणि पेशीतून नवे विषाणू बाहेर पडतात. म्हणजे बघा, शरीर जितके जोराने लढावयास उठावे तितके विषाणूचे अधिकच फावते. या रोगाची सारी मेख येथे आहे.

आपल्या देशातही हा विषाणू येऊन पोहोचला आहे, हे कळण्यास १९८६ साल उजाडावे लागले. तोवर ‘ही परदेशातली पीडा, आपल्याकडे कशाला येते’ असा पुष्कळांचा समज होता. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुनीती सोलोमन या प्राध्यापिका होत्या. माहेरच्या त्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करावा लागणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने जमवले. तपासणीची सोय मद्रासेत नव्हती. म्हणून नमुने बर्फाच्या पेटीत घालून रात्रीच्या गाडीने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेण्यात आले. त्यांपैकी सहा नमुन्यांत एचआयव्हीची प्रतिपिंडे निघाली. पुढे सोलोमनबाईंनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने मद्रासेत एक केंद्र काढले आणि २०१५ साली मृत्यू येईपर्यंत या रुग्णांतच काम केले. आपल्या महाराष्ट्रात १९९२ साली पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. या दोन्ही जागांचा आपल्या हकिगतीशी पुढे संबंध येणार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विषाणू सापडला, कुलूप सापडले, तपासणी आली. तरीही ती दहा वर्षे कोणाला उलगडत नव्हती. रक्त तपासावे तर साहाय्यक पेशींपैकी फारच थोड्यांत विषाणू सापडे. रक्तातले विषाणू मोजण्याची रीतही सुरुवातीला फार स्थूल होती. तेव्हा डॉक्टर म्हणत, विषाणू सुप्त आहे. कधीतरी तो जागा होईल, मग पाहू. रुग्णालाही तेच सांगितले जाई. आणि रुग्ण बिचारा, ज्याच्या अंगाला काही होत नाही, तो तरी वेगळे काय म्हणणार?

प्रत्यक्षात आत काय घडते ते आता आपल्याला बरेच ठाऊक झाले आहे. ते क्रमाने सांगतो. त्वचेत आणि अंतस्त्वचेत फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पहारेकरी पेशी असतात. शत्रूचा तुकडा उचलून तो गाठींच्या ठाण्यावर नेऊन दाखवणे हे त्यांचे काम. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये त्यांचे स्वरूप ओळखले. या पहारेकरी पेशी आपले काम इमानाने करतात आणि त्या भरात जिवंत विषाणूही ठाण्यावर घेऊन जातात. तेथे साहाय्यक पेशी दाटीवाटीने बसलेल्याच असतात. दोन-तीन आठवड्यांत रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूंची संख्या लाखांच्या, कधी कोटीच्या घरात जाते. पुष्कळांना याच वेळी ताप येतो, घसा धरतो, अंगावर पुरळ उठते; हवापालट झाली असे म्हणून लोक ते विसरून जातात. सर्वांत मोठी कत्तल होते ती आतड्याच्या अस्तरात. तेथल्या साहाय्यक पेशी पहिल्या काही आठवड्यांतच मोठ्या संख्येने मरतात. हे माकडांत १९९८ मध्ये आणि माणसांत २००४ च्या सुमारास दिसून आले. बोटातून काढलेल्या रक्तात त्याचा पत्ताही लागत नाही.

मग मारेकरी पेशी उठतात. त्यांची संख्या भराभर वाढते, विषाणू शिरलेल्या पेशी त्या वेचून मारतात, आणि रक्तातले विषाणू पुष्कळ खाली येतात. हे श्रेय मारेकरी पेशींचेच, असे १९९४ च्या सुमारास दिसू लागले आणि १९९९ मध्ये माकडांवरील प्रयोगाने ते पक्के झाले. माकडांच्या अंगातल्या मारेकरी पेशी औषधाने घालवताच विषाणू उसळून वर आले. पेशी परतताच पुन्हा खाली गेले. तेव्हा शरीर हात बांधून बसते, असे कोणी म्हणू नये. ताप उतरतो तो शरीराच्या पराक्रमाने.

पण जय पुरा होत नाही, आणि त्याचे कारण विषाणूच्या गचाळ हस्ताक्षरात आहे. आपली पोथी उतरवताना तो पुष्कळ चुका करतो आणि तपासून दुरुस्त करण्याची सोय त्याच्यापाशी नाही. प्रत्येक चुकीने त्याचा चेहरा किंचित बदलतो. पुष्कळ प्रती फुकट जातात, पण एखादी अशी निघते, की मारेकरी पेशी तिला ओळखत नाहीत. प्रतिपिंडांचेही तेच. शरीर आज ज्या चेहऱ्यासाठी प्रतिपिंड घडवते, तो चेहरा चार-दोन महिन्यांत जुना झालेला असतो. चोराचे चित्र गावोगाव लावावे आणि तोवर चोराने दाढी वाढवावी, असा हा प्रकार.

या साऱ्यामुळे शांत वर्षांत काहीतरी चालले असले पाहिजे, असा संशय बळावत होता. १९९३ मध्ये दोन गटांनी दाखवले, की रक्तात विषाणू थोडे दिसत असले तरी गाठींत ते भरपूर असतात. मग १२ जानेवारी १९९५ रोजी दोन लेख एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एक न्यूयॉर्कच्या डेव्हिड हो यांचा, दुसरा अलाबामाच्या जॉर्ज शॉ यांच्या गटाचा. दोन्ही गटांनी गणितज्ञांना हाताशी धरले होते, आणि मला वाटते, यांतली खरी मौज त्या गणितातच आहे. शिक्षकांनी ते वर्गात जरूर करून पाहावे.

एका विहिरीची कल्पना करा. पाणी आठवडाभर एकाच पायरीला टेकलेले दिसते. पाहणारा म्हणेल, विहीर स्वस्थ आहे. ना कोणी उपसते, ना झरा वाहतो. परंतु दुसरीही शक्यता आहे. तळाचे झरे धो धो वाहत असतील आणि काठावरचा पंप तितकेच पाणी ओढत असेल. पायरी दोन्ही वेळा तीच! मग खरे काय ते कसे ओळखावे? झरे बुजवावे आणि पाहावे. विहीर स्वस्थ असेल तर पाणी तसेच राहील. पंप चालू असेल तर पाणी झपाझप खाली जाईल, आणि ते किती वेगाने जाते त्यावरून उपसा किती होता ते कळेल. उपसा कळला की झराही कळला. कारण पायरी हलत नव्हती, म्हणजे दोन्ही सारखे होते.

रुग्णाच्या बाबतीत झरे बुजवण्याचे साधन नुकतेच हाती आले होते. नवे विषाणू तयार होऊ न देणारी जोरकस औषधे तेव्हा प्रथमच निघाली होती. ती वीस-बावीस रुग्णांना देऊन रोजच्या रोज मोजणी केली. सुमारे दोन दिवसांत रक्तातले विषाणू निम्मे झाले, आणखी दोन दिवसांत त्याच्या निम्मे! म्हणजे औषधापूर्वी, माणूस धडधाकट दिसत असताना, दर दोन दिवसांत असलेल्या विषाणूंच्या निम्म्याहून अधिक मारले जात होते आणि तितकेच नवे जन्मत होते. पुढच्या वर्षीच्या अधिक बारीक हिशेबात आकडा निघाला तो असा, की एका रुग्णाच्या अंगात रोज सुमारे एक हजार कोटी विषाणू तयार होतात. विषाणू तयार करणारी पेशी सरासरी दोन दिवसच जगते. त्याच रुग्णांत साहाय्यक पेशी मात्र चढू लागल्या. शरीर त्या पेशी एवढा काळ घडवीतच होते, फक्त घडवल्या तितक्या खपत होत्या.

विषाणू एक दिवसही निजला नव्हता. शांतता होती ती दोन बाजूंनी सारखा जोर लागलेल्या रस्सीखेचीतल्या दोरासारखी. दोर हलत नाही, पण हात सोलवटून निघालेले असतात. वर्षानुवर्षे रोज एवढ्या पेशी घडवता घडवता एक दिवस पुरवठा कमी पडू लागतो, संख्या २०० च्या खाली येते, आणि मग क्षय, न्यूमोनिया, बुरशी असे एरव्ही दबून राहणारे रोग अंगावर येतात. पुढे २०१४ साली आणखी एक चटका लावणारी गोष्ट आढळली. गाठींमध्ये मरणाऱ्या साहाय्यक पेशींपैकी सुमारे ९५ टक्के पेशींत विषाणूची वाढ पुरी झालेलीच नसते. अर्धवट शिरलेल्या शत्रूची चाहूल लागताच त्या स्वतःच फुटून मरतात, आणि त्या फुटल्याने जो दाह होतो तो आणखी पेशींना तेथे ओढून आणतो.

शॉ यांच्या लेखात आणखी एक निरीक्षण होते. एकच औषध दिले, तर अवघ्या दोन ते चार आठवड्यांत त्याला दाद न देणारे विषाणू सगळीकडे पसरत. रोज हजार कोटी प्रती आणि प्रत्येकीत चुका. एका औषधातून पळवाट शोधणे त्याला कितीसे अवघड? पण तीन निरनिराळ्या पळवाटा एकाच प्रतीत एकाच वेळी लाभणे जवळजवळ अशक्य. म्हणून १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची रीत पडली आणि मरणाच्या दारातली माणसे उठून बसू लागली. ती औषधे तेव्हा फार महाग होती. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये ती गरीब देशांत काम करणाऱ्या एका संस्थेला वर्षाकाठी ३५० डॉलरांत देऊ केली, तेव्हा जगभर खळबळ उडाली. आपल्या सरकारी रुग्णालयांतून ती १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य मिळू लागली.

तरी जुन्या समजुतीची एक खूण शिल्लक होतीच. औषध केव्हा सुरू करावयाचे? साहाय्यक पेशी २०० च्या खाली आल्यावर, असे आधी होते. मग ती रेषा ३५० वर गेली, मग ५०० वर. किती रुग्ण या काळात ‘तुमचा आकडा अजून चांगला आहे, पुढच्या वेळी या’ असे ऐकून परत गेले असतील, आणि त्यांतले किती पुन्हा आलेच नसतील! २०११ साली एका मोठ्या प्रयोगाचा निकाल लागला. नऊ देशांतली १,७६३ जोडपी त्यात होती. एकाला लागण, दुसऱ्याला नाही. पुणे आणि चेन्नई येथील जोडपीही त्यात होती. तेथे वर सांगितलेल्या दोन संस्थांनी हे काम पाहिले. ज्यांनी औषध लवकर सुरू केले त्यांच्याकडून जोडीदाराला लागण होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटले. नवराबायको एका छपराखाली निर्धास्त राहू शकतात, हे त्या आकड्यातले खरे सुख. २०१५ मध्ये दुसऱ्या प्रयोगाने दाखवले, की आकडा ५०० च्या वर असतानाच औषध घेणाराही अधिक सुरक्षित राहतो. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने, आणि २०१७ मध्ये आपल्या देशाने, आकड्याची अटच काढून टाकली. तपासणीत निघाले की औषध सुरू.

एवढे झाल्यावर विषाणू समूळ का जात नाही, असे तुम्ही विचाराल. १९९५-९६ मध्ये हो यांच्यासारख्यांनाही आशा वाटली होती, की दोन-तीन वर्षे नेटाने औषध घेतले तर विहीर कोरडी पडेल. ती पडली नाही. कारण निजलेला विषाणू शेवटी खरोखरच सापडला, मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हते अशा जागी. लहानपणी गोवर येऊन गेला तर तो सहसा पुन्हा येत नाही. याचे कारण काही पेशी त्या लढाईची आठवण ठेवून वर्षानुवर्षे स्वस्थ पडून राहतात. साहाय्यक पेशींतही अशा आठवणीच्या पेशी असतात. दहा लाखांत एखादी अशी पेशी विषाणूची पाने पोथीत शिवलेली असतानाच निजते. ती पोथी उघडत नाही, म्हणून मारेकऱ्यांना ती दिसत नाही आणि औषधही तिला लागू पडत नाही. १९९७ मध्ये तीन गटांनी हे दाखवले. आणि पुढच्या मोजणीप्रमाणे अशा पेशी निम्म्या होण्यासच चौरेचाळीस महिने लागतात. त्या वेगाने त्या पुऱ्या संपावयास साठ वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणून गोळी रोज घ्यावी लागते; थांबवली की बहुतेकांत काही आठवड्यांतच विषाणू परततो.

बर्लिनमध्ये २००७ साली टिमोथी रे ब्राउन या रुग्णाला रक्ताच्या कर्करोगासाठी दुसऱ्याची अस्थिमज्जा देण्यात आली. दाता मुद्दाम असा निवडला होता, की दाराची ती दुसरी कडी त्याच्या पेशींना जन्मतःच नव्हती. उत्तर युरोपातल्या शंभरातल्या एखाद्या माणसाला ती नसते. जुनी फौज गेली, नवी आली, आणि विषाणू पुन्हा दिसला नाही. ब्राउन २०२० मध्ये वारले ते कर्करोग उलटल्याने. अशी सुटका झालेली माणसे आजवर मोजकीच आहेत. हा उपाय इतका जिवावरचा आहे, की केवळ एचआयव्हीसाठी तो कोणी करीत नाही.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात २०१० साली एका मुलीचा जन्म झाला. आईला लागण होती. बाळाला जन्मल्यापासून तीस तासांच्या आत औषधे सुरू करण्यात आली. दीड वर्षाची असताना ती औषधांपासून सुटली, आणि पुन्हा तपासले तेव्हा विषाणू कोठेच सापडेना. वर्तमानपत्रांनी ती बरी झाल्याचे जगभर छापले. सत्तावीस महिने औषधाविना तशीच गेली. मुलगी हसतखेळत होती, ताप नाही, गाठ नाही. जुलै २०१४ मध्ये नेहमीच्या तपासणीत तिच्या रक्तात विषाणू पुन्हा दिसल्याचे जाहीर झाले, आणि औषध परत सुरू झाले.